काळ्या सुटांचे दिवस

मार्च सरत आला की टोकियोतल्या तोयोसुच्या स्टेशनवर काळे सूट दिसायला लागतात. रोजच्या नोकरदारांचे सूट वेगळे, वापरून मऊ झालेले. हे नवे असतात. खांद्यात ताठ, कोपराला अजून चुणी न पडलेले. मुलींचे केस मागे घट्ट बांधलेले, हातात एकसारख्या काळ्या बॅगा, पायात एकसारखे काळे बूट आणि टाचेला चिकटपट्टी. कॉलेजचं शेवटचं वर्ष तोंडावर आलं की इथली मुलं अशी नोकरी शोधायला बाहेर पडतात. या सगळ्या खटाटोपाला 'शुकात्सु' म्हणतात. गाडीत त्यांच्या शेजारी बसलेल्या बायका कौतुकानं बघतात. मी नजर वळवते आणि डब्याचं दार कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवते.

खरं तर या मुलांना भिण्याचं मला काही कारण नाही. त्यांना तयार करणं हेच माझं काम. मी कॉम्प्युटर शिकवते. प्रोग्रॅम कसा लिहायचा, चुकला तर चूक कशी शोधायची, आणि शेवटच्या वर्षात, तीन-चार अनोळखी माणसांसमोर बसून आपल्याला काय येतं ते कसं सांगायचं. गेल्या आठवड्यात एका मुलीची कॉलर नीट करता करता मी वरचा दिवा हलतोय का ते बघितलं. घरी आल्यावर इराला, माझ्या मुलीला, सांगितलं. ती आता स्वतः कॉलेजात जाते. मी मराठीत बोलायचं आणि तिनं जपानीत उत्तर द्यायचं, असं आमचं कित्येक वर्षं चाललंय. फोनवरून नजर न उचलता ती म्हणाली, "माता?" म्हणजे, पुन्हा?

पुन्हा. दर वर्षी पुन्हा.

त्या मोठ्या भूकंपाच्या वेळी, २०११ च्या मार्चमध्ये, आमचं घर दोन ठिकाणी होतं. समीर, माझा नवरा, तोयोसुला एका आयटी कंपनीत होता. मी आणि पाच वर्षांची इरा उत्तरेला सेंदाईत, कारण तिथल्या विद्यापीठात मला सहायक अध्यापकाची जागा मिळाली होती. करार एका वर्षाचा, दर वर्षी नव्यानं व्हायचा. जमीन हलली तेव्हा मी पाचव्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत टेबलाखाली होते. किती वेळ चाललं ते मला आजही सांगता येत नाही. कपाटं पडून झाली, मॉनिटर पडून झाले, पडण्यासारखं काही उरलं नाही, तरी ते थांबेना, एवढंच आठवतं. इरा बालवाडीच्या अंगणात टोपी घालून ओळीत उभी होती, सुखरूप. काही दिवसांत आम्ही तिघंही पुण्यात पोचलो.

पुण्यात आईच्या घरी पंखा सुरू केला की मी वर बघायचे. जिन्यावरून कुणी धावत गेलं की उठून उभी राहायचे. एप्रिल उलटत आला तेव्हा साकुमा-सेन्सेईंची मेल आली. ते आमच्या विभागाचे वयस्कर प्राध्यापक; इथं शिक्षकाला सेन्सेई म्हणतात. मेमध्ये वर्ग सुरू होतील, असं त्यांनी लिहिलं होतं. आपल्या भागातल्या मुलांसाठी बऱ्याच कंपन्यांनी मुलाखती जूनपर्यंत पुढे ढकलल्या आहेत. शेवटच्या वर्षाच्या सहा मुलांची तयारी करून घ्यायला माणूस नाही. येऊ शकलात तर या. नाही आलात तर कुणी काही म्हणणार नाही.

त्या शेवटच्या वाक्यानं मला स्वस्थ बसू दिलं नाही.

"एकटी जाणार?" समीरनं विचारलं. त्याच्या कंपनीनं त्याला काही महिने पुण्याच्या ऑफिसातून काम करायला सांगितलं होतं. "कशासाठी?"

"सहा मुलं आहेत तिथं."

"इथंही एक आहे," तो म्हणाला.

  मी गेले.

मेमधलं सेंदाई दिसायला सुंदर होतं, आणि त्याचीच भीती वाटायची. रस्त्याकडेची झाडं हिरवीगार, हवेत गारवा, सायकलवरून जाणारी मुलं. आणि वर बघावं तर घराघराच्या छपरावर निळी ताडपत्री. पडलेली कौलं कोपऱ्याकोपऱ्यावर नीट रचून ठेवलेली. मी अंगावरच्या कपड्यांनिशी झोपायचे. दाराशी पिशवी भरलेली असायची: पासपोर्ट, टॉर्च, पाणी, इराचा फोटो. टेबलावर काचेच्या पेल्यात पाणी भरून ठेवायचे, कारण आपण हलतोय की जमीन हलतेय हे त्याशिवाय कळेनासं झालं होतं. दुकानात पालकाची जुडी उचलायची, कुठल्या जिल्ह्यातली ते वाचायचं आणि परत ठेवायची. दुधाचंही तेच. पाऊस आला की छत्री दाराबाहेर ठेवून हात दोनदा धुवायचे. भूकंपामागून आलेल्या त्सुनामीत फुटलेल्या अणुभट्टीतून काय उडालं, किती उडालं, कुठवर आलं, याचं रोज नवं उत्तर मिळत होतं. आई फोनवर विचारायची, "तिथं एवढं काय ठेवलंय गं?" मी म्हणायचे, "अगं, सगळं ठीक आहे." हे म्हणताना माझी नजर पेल्यावर असायची.

आणि रोज दुपारी एका रिकाम्या वर्गात मी सहा मुलांना दारावर टकटक करायला शिकवायचे. तीनदा टकटक. आतून 'या' म्हटलं की आत यायचं, दार वळून लावायचं, खुर्चीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, नाव सांगायचं, वाकायचं, बसा म्हटल्यावरच बसायचं. मग आपलं संशोधन एका मिनिटात, कॉम्प्युटर न कळणाऱ्या माणसाला कळेल असं सांगायचं. मग फळ्यावर एक छोटा प्रोग्रॅम. मधेच सगळ्यांचे फोन एकदम ओरडायला लागायचे. भूकंपाची सूचना देणारा तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला तो सांगावा लागत नाही. काळ्या सुटातली सहा मुलं आणि मी टेबलांखाली शिरायचो. थांबलं की बाहेर यायचो, गुडघ्यावरची धूळ झटकायचो. मुलगा पुन्हा दाराबाहेर जायचा, पुन्हा तीनदा टकटक करायचा. 

त्या सहांत एक ओनोदेरा-सान होती; सान म्हणजे आपल्या 'जी'सारखं. उंच, सडसडीत, बोलायला हळू. प्रोग्रॅमिंगमध्ये वर्गात सगळ्यांच्या पुढे. किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावातली. तिचे वडील समुद्रात कालवांची शेती करायचे. त्सुनामीच्या लाटेत घर वाहून गेलं होतं. आई एका शाळेच्या व्यायामशाळेत पुठ्ठ्याच्या आडोशामागे राहत होती. वडील सापडले नव्हते. 'गेले' असं ती म्हणत नसे. "अजून सापडले नाहीत," एवढंच म्हणे. शनिवार-रविवारी बसनं जाऊन यायची, सोमवारी वर्गात हजर. तिच्या अंगावरचा सूट माझा होता. तिचा घरी होता. बाह्या आखूड पडायच्या. त्या खाली ओढायची तिला सवय लागली होती.

सगळं तिला छान जमायचं. एका प्रश्नापाशी मात्र ती थांबायची. इथल्या मुलाखतीत तो हमखास विचारतात: आयुष्यात आलेली सगळ्यात मोठी अडचण कोणती, आणि तिच्यावर तुम्ही कशी मात केली? इतर मुलं सांगायची, बास्केटबॉलच्या टीममध्ये भांडण झालं होतं, पार्टटाइम नोकरीत ग्राहक रागावला होता. ओनोदेरा-सान बाह्या ओढत राहायची. अर्धं मिनिट. एक मिनिट. 

इथं मी जे केलं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मला भीती वाटत होती की तिला नोकरी लागणार नाही. वडील नाहीत, घर नाही, आणि नोकरीही नाही, अशी ती पुढच्या मार्चमध्ये कॉलेजच्या दाराबाहेर उभी राहील. त्या दिवसांत मला सगळ्याचीच भीती वाटत होती, आणि घाबरलेला माणूस दुसऱ्याला घाईनं कुठेतरी सुरक्षित जागी ढकलू पाहतो. मी तिला म्हटलं, "ओनोदेरा-सान, तुझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर आहे. कुणाहीपेक्षा मोठं आहे. ते सांग."

तिनं माझ्याकडे बघितलं. "बाबांचं?"

"सगळं. गाव, घर, बाबा. आणि तरी तू शिकतेयस, ते."

"मी त्यावर मात केलेली नाही, सेन्सेई," ती म्हणाली.

तरी मी ते लिहून काढलं. दीड मिनिटाचं उत्तर. लाट, व्यायामशाळा, आई, आणि शेवटी 'यातून मी चिकाटी शिकले'. आम्ही त्याची तालीम केली. पहिल्यांदा 'माझे वडील अजून सापडलेले नाहीत' या वाक्यावर तिचा आवाज गेला. मी म्हटलं, पुन्हा. दुसऱ्यांदाही गेला. पुन्हा. आठव्या की नवव्या वेळी ती ते वाक्य सरळ, स्वच्छ, डोळ्यात डोळा घालून म्हणू शकली. मी म्हटलं, "छान." तो शब्द तोंडातून पडला आणि माझ्या अंगावर काटा आला. भूकंपानं आला नव्हता असा.

जूनमध्ये टोकियोच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचं बोलावणं आलं. ऑफिस तेविसाव्या मजल्यावर. ओनोदेरा-सान मार्चपासून लिफ्टमध्ये शिरली नव्हती. साकुमा-सेन्सेई म्हणाले, "गोरे-सान, तुम्ही बरोबर जाल का?" माझं आडनाव गोरे, जपानी जिभेला अवघड नाही. मी हो म्हटलं. मलाही लिफ्टमध्ये शिरवत नाही, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

विजेच्या टंचाईनं टोकियो तेव्हा अर्ध्या उजेडात होतं. सरकते जिने बंद, स्टेशनातले एकाआड एक दिवे विझवलेले, गाडीत घामाचा वास. त्या इमारतीतही चारपैकी दोनच लिफ्ट चालू होत्या. मी तळमजल्यावरच्या बाकापर्यंत तिच्याबरोबर गेले. तिनं लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं. ती वळून म्हणाली, "जाऊन येते," आणि आत जाऊन भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. दार बंद होताना तिचे डोळे मिटलेले होते.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मी बाकावर बसून तिची पाण्याची बाटली सांभाळत होते. तेवढ्यात फोन ओरडला. माझा, मग स्वागताच्या टेबलामागच्या मुलीचा, मग सगळीकडून. पायाखालची फरशी सरकली. काचेची दारं कुरकुरायला लागली. स्वागताची मुलगी शांतपणे म्हणाली, "कृपया आतच थांबा, इमारत सुरक्षित आहे."

मी थांबले नाही. मी पळाले. बाटली हातातून पडली, ती उचलली नाही. दार ढकललं, पायऱ्या उतरले, रस्ता ओलांडला, सिग्नल कुठला होता ते बघितलं नाही. समोर एक छोटी बाग होती, तिच्या मधोमध, जिथं वरून काही पडू शकणार नाही अशा जागी, मी जाऊन उभी राहिले. मग वर बघितलं. ती उंच इमारत हलत होती. जोरात नाही, सावकाश, झोक्यासारखी, आणि खालची जमीन थांबल्यावरही ती हलतच होती. तेविसावा मजला कुठला ते मी मोजायला लागले आणि मोजता येईना. पळताना एकदाही मला तिची आठवण झाली नव्हती. पुण्याहून साडेसहा हजार किलोमीटर मी मुलांसाठी म्हणून आले होते, आणि त्या अर्ध्या मिनिटात माझ्या डोक्यात एकही मूल नव्हतं. इराही नव्हती. फक्त मी होते.

परत आत जावं असं वाटलं. मी तिथंच उभी राहिले.

लिफ्ट बंद पडल्या होत्या. अर्ध्या तासानं ती जिन्यानं खाली आली. बूट हातात, मोज्याला भोक, कपाळावर घाम. तिनं मला बागेत बघितलं, सिग्नल हिरवा होईपर्यंत पलीकडे उभी राहिली आणि मग आली. मी माफी मागायला तोंड उघडलं. जपानीत माफीचे शब्द पुष्कळ आहेत. मला एकही सुचला नाही. मी मराठीत काहीतरी बोलले असावे, कारण ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली.

"मी तुला वर सोडून पळाले," मी शेवटी जपानीत म्हटलं.

"बरं केलंत," ती म्हणाली. बाकावर बसून तिनं मोजे नीट केले. "आमच्या गावात लहानपणापासून शिकवतात. तेनदेन्को. म्हणजे ज्यानं त्यानं आपापलं पळायचं. जमीन हलली की आईची वाट बघायची नाही, मुलाला शोधायचं नाही, सरळ टेकडी गाठायची. सगळे तसेच पळणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी कुणासाठी मागे फिरत नाही. आणि मागाहून कुणी कुणाला बोल लावत नाही."

मी तिचे बूट तिच्यापुढे सरकवले.

"मला बाबांनीच शिकवलं होतं," ती म्हणाली. "ते स्वतः मात्र गाडी काढून आजीला आणायला गेले. आजी शेजारणीबरोबर आधीच टेकडीवर पोचली होती."

बागेत कुणीतरी कुत्र्याला फिरवायला आणलं होतं. ते आमच्या बाकापुढून गेलं. मग मी विचारलं, "तो प्रश्न विचारला?"

"हो. मी सांगितलं, माझ्या प्रोग्रॅममध्ये एक चूक होती, ती शोधायला चार महिने लागले, कशी शोधली. ते वाट बघत होते. अर्जावर गावाचं नाव होतं ना. मला कळत होतं त्यांना काय हवंय." तिनं बूट पायात चढवले. "तुम्ही लिहिलेलं मला पाठ आहे, सेन्सेई. पण ते मी तिथं दिलं असतं, तर मग ते माझं राहिलं नसतं."

त्या कंपनीचं नकाराचं पत्र आठवड्यात आलं. 'आपल्या पुढील यशासाठी आम्ही प्रार्थना करतो,' असं इथल्या नकारात लिहायची पद्धत आहे. ते तिनं मला शांतपणे दाखवलं आणि दुसरा कागद पुढे केला. सेंदाईतल्या लहान-मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची यादी, तिनं स्वतः प्रोग्रॅम लिहून काढलेली. नाव, काम, आणि तिसऱ्या रकान्यात मजला. तिसऱ्या मजल्याच्या वरच्या सगळ्या तिनं गाळल्या होत्या.

नोकरी अशी निवडतात का, हे माझ्या ओठावर आलं होतं. वर्गात सगळ्यात हुशार मुलगी, आणि मजला बघून नोकरी शोधणार. पण मग वाटलं, लोक काय काय बघून नोकरी निवडतात. मीही खुर्ची ओढली. जून-जुलैच्या दमट दुपारी आम्ही दोघी ती यादी वाचत बसायचो. मधे फोन ओरडायचा, आम्ही टेबलाखाली जायचो, आणि तिथंच पुढचं नाव वाचायचो. भीती गेली नव्हती. तिच्यासकट काम करता येतं, एवढंच कळायला लागलं होतं.

ऑगस्टच्या अखेरीस एका दुमजली इमारतीतल्या कंपनीनं तिला घेतलं. शाळांच्या मध्यान्ह जेवणासाठी लागणारं सॉफ्टवेअर ते करायचे. कुठल्या शाळेत किती मुलं, कुणाला अंडं चालत नाही, किती तांदूळ लागेल. आणि त्या वर्षी त्यात आणखी एक गोष्ट आली होती, भाजी कुठल्या जिल्ह्यातून आली. मुलाखत घेणाऱ्या म्हाताऱ्या मालकांनी तिला अडचणीचा प्रश्न विचारलाच नाही. शाळेतला कुठला पदार्थ आवडायचा नाही, एवढं विचारलं. "शिजवलेलं गाजर," ती म्हणाली. ते म्हणाले, त्यांनाही.

मी सुटले, असं मला वाटलं. सहाच्या सहा मुलांची सोय झाली होती. समीर म्हणत होता, या वर्षीचा करार संपला की परत ये, पुण्यात कुठेही शिकवशील. माझी आई देवाला नवस बोलली होती. मीही मनातून निघाले होते. कुठली पुस्तकं ठेवायची, कुठली वाटायची, ते ठरवत होते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओनोदेरा-सान माझ्या खोलीत आली. नोकरीवर रुजू होण्याचा कागद घेऊन. इथं नव्या माणसासाठी दोन जामीन लागतात. हिच्यावर काही प्रसंग आला तर आम्ही आहोत, असं लिहून देणारी दोन माणसं. एक बहुतेक वडील असतात. पहिल्या जागी तिच्या मामांनी सहीऐवजी नावाचा शिक्का मारला होता. दुसरी जागा रिकामी होती. मुदत पाच वर्षांची, आणि जामीन जपानात राहणारा हवा.

"आईचं नाव लिहिता येत नाही," ती म्हणाली. "तिला पत्ता नाही." मग दोन्ही हातांनी कागद माझ्यासमोर ठेवला. "तुम्ही परत जाणार असाल तर मी दुसरं कुणी शोधेन. खरंच. कुणी काही म्हणणार नाही."

पाच वर्षं. त्या क्षणी मला दिसलं ते एवढंच: पाच वर्षं हा फोन, हा पेला, हे पालकाच्या जुडीवरचं नाव. इराला इथं आणावं लागेल. समीरला सांगावं लागेल.  मी पेन उचललं.

नाव लिहिलं. पत्ता लिहिला. 'नातं' असा एक रकाना होता, तिथं माझा हात अडला.

"इथं काय लिहू?" मी विचारलं.

ओनोदेरा-साननं कागदाकडे बघून क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "शिक्षिका लिहा, सेन्सेई. नाहीतर ते मला विचारतील, आणि मग मला सगळं सांगावं लागेल."

मी लिहिलं. खिडकीच्या काचा हलायला लागल्या होत्या. आम्ही दोघींनी टेबलाची कड धरली, आणि अक्षर बिघडू नये म्हणून तिनं दुसऱ्या हातानं कागद घट्ट दाबून ठेवला.